राजकुमारी झोराइदेची शिंक

सान ज्वेनाले, १४ ऑक्टोबर १९५९

प्रिय एजिस्तो,

ओर्नेल्लाचं ठरलं. मुलगा ग्वाल्तिएरो, चीजवाल्या आन्सेल्मोंचा धाकटा. मुलगा चांगला आहे. फार बोलत नाही. बोलतो तेव्हा चीजबद्दल बोलतो.

अडचण त्याच्या आईची. सिन्योरा क्लोतिल्दे चर्चच्या महिला मंडळाच्या अध्यक्ष आहेत. थोरल्या मुलाचं ठरलेलं लग्न त्यांनी मोडलं, कारण मुलीचा भाऊ नाचघरात अकॉर्डियन वाजवतो. सख्खा नाही, चुलत. परवा त्यांनी आम्हाला जेवायला बोलावलं आणि सूप यायच्या आतच विचारलं, "मुलीचे मामा काय करतात?"

"रोमला असतात," मी म्हटलं.

"रोमला पोपही असतात. काय करतात ते विचारलं."

मी म्हटलं, कपड्यांच्या धंद्यात आहे. हे खोटं नाही. तू एका खेळात जितके कपडे अंगावर घालतोस आणि उतरवतोस तितके इथल्या शिंप्याच्या हातून वर्षात जात नाहीत. पण बहुरूपी हा शब्द त्या घरात उच्चारला असता तर ओर्नेल्ला आज माझ्यासमोर बसून रडत असती.

तुला इथे कोणी नीट पाहिलेलं नाही, हे एक बरं. ओर्नेल्लाच्या बाबांच्या, ओलिंदोच्या मयतीला तू आलास तेव्हा पाऊस होता आणि सगळे छत्र्यांखाली होते.

मग सूप आलं. त्यात मिरपूड फार होती. ओर्नेल्लाला शिंक आली. आपल्या घराण्याची. डावा पाय वर, उजवा तळवा कानावर, मग शिंक, मग दोन्ही बाजूंना मान लववून आभार. बसलेली होती तरी पाय वर गेलाच. टेबल हललं, सूप व्याह्यांच्या मांडीवर.

सिन्योरा क्लोतिल्दे म्हणाल्या, "हा आजार आहे का?"

"नाही. आमच्या वडिलांकडून आलं आहे."

"वडील आहेत?"

"वारले."

"ह्यानेच?"

लग्न तीस एप्रिलला. आधी ईस्टरपूर्वीचा उपवासकाळ आणि नंतर मे. दोन्हीत लग्न करत नाहीत. ओर्नेल्ला म्हणते, बाबा नाहीत तर मामाच्याच हातावर हात ठेवून वेदीपर्यंत जाईन, नाहीतर जाणारच नाही. तेव्हा तू ये. करडा कोट घाल. एकच घाल.

तुझी ताई,
झेलिंदा


रोम, २२ ऑक्टोबर १९५९

प्रिय ताई,

येतो. करडा कोट आहे. आतून लाल आहे आणि एका दोरीने उलटा होतो, पण दोरी शिवून टाकीन.

कपड्यांच्या धंद्याचं बरोबर सांगितलंस. आमचा धंदा तसाही बसला आहे. प्रत्येक बारमध्ये टेलिव्हिजन आला. पडद्याआड जाऊन मी डोळ्याची पापणी लवायच्या आत राणी होऊन बाहेर येतो, तोवर समोरचे लोक उठून गेलेले असतात. ते माझ्यापेक्षा चपळ झाले आहेत.

सध्या मात्र काम मिळालं आहे. एक माहितीपट. जगातल्या मोठ्या शहरांत रात्री लोक काय बघतात, त्याबद्दल. नाव, 'दिवे मालवू नका'. दिग्दर्शक स्पादोनी खरोखर कॅमेरा घेऊन जगभर फिरून आला. परतताना बोटीवर त्याने फिल्मचे डबे बॉयलरशेजारी ठेवले, म्हणजे चोरीला जाणार नाहीत. चोरीला गेले नाहीत. वितळले. आता त्या रात्री रोमच्या वेशीबाहेर एका गादीवाल्याच्या शेडमध्ये पुन्हा उभ्या करतो आहोत. सकाळी, कारण दुपारी गाद्या परत येतात. शॅम्पेन म्हणून पोटदुखीचं फसफसतं मीठ देतात. सगळे जांभया देतात. स्पादोनी म्हणतो, "छान, छान, पहाट झाल्यासारखं वाटतंय."

माझं काम अगदी किरकोळ. लंडनमधला एक उमराव. पाठमोरा.

शेडमध्ये गारठा असतो. आईची काळी शाल पाठवशील?

तुझा,
एजिस्तो


सान ज्वेनाले, ९ नोव्हेंबर १९५९

प्रिय एजिस्तो,

शाल पाठवली आहे. डांबराच्या गोळ्यांचा वास येईल. जरा वारा दे.

उमराव पाठमोराच राहू दे. तो वळला तर माझ्या मुलीचं लग्न मोडेल, एवढं लक्षात ठेव.

दुसरं. विहीणबाईंना गायनवृंदाच्या मुलींसाठी निळी फ्लॅनेल हवी आहे, घाऊक भावात. म्हणाल्या, "तुमचे बंधू धंद्यातच आहेत ना?" मी हो म्हटलं. आता तू पाहा.

तुझी,
झेलिंदा


रोम, २ डिसेंबर १९५९

प्रिय ताई,

निळी नाही मिळाली. जांभळी पाठवतो. पुष्कळ आहे. हॅम्बर्गच्या मद्यालयाचे पडदे होते, ते दृश्य झालं. एकदा धुऊन घे.

उमराव थोडा वळला आहे. पण मिशा आहेत. व्हिएन्नाचा काउंट म्हणून जो माणूस ठरला होता त्याला गालगुंड झालं, म्हणून तिथेही जरासा उभा राहिलो. हे तुला सांगायलाही नको खरं तर. अंधार इतका आहे की आईनेही ओळखलं नसतं.

शाल पोचली. वारा दिला नाही. वास राहू दिला.

तुझा,
एजिस्तो


सान ज्वेनाले, ११ फेब्रुवारी १९६०

प्रिय एजिस्तो,

तुझा चित्रपट विचेंत्साला लागला आहे. माझी झोप उडाली होती. पण आमचे पाद्री डॉन काल्लिस्तो देवमाणूस. चर्चच्या दाराशी ते फळा लावतात, कुठला चित्रपट सर्वांसाठी, कुठला मोठ्यांसाठी, ते सांगणारा. तुझ्या चित्रपटापुढे त्यांनी लिहिलं आहे, 'कोणासाठीही नाही'. खाली दोन रेघा.

त्यांनी स्वतः पाहिलेला नाही. वरून कळवलं जातं.

तेव्हा सुटलो. सान ज्वेनालेत त्या फळ्याबाहेर पाऊल टाकायची कोणाची छाती नाही. गायनवृंदाच्या मुलीही खूश आहेत. जांभळे झगे शिवून झाले. विहीणबाई म्हणाल्या, रंग भारदस्त आहे, बिशपांना शोभेल.

एकच नवल. फळा लागल्यापासून गुरुवारच्या विचेंत्साच्या बसमध्ये उभं राहायलाही जागा नसते. औषधवाल्याला विचारलं तर म्हणाला, दात दाखवायचाय. पोस्टमास्तरचाही दात. दोघी शिक्षिकांचे दात. थंडीने होत असेल.

झेलिंदा


रोम, १७ फेब्रुवारी १९६०

प्रिय ताई,

डॉन काल्लिस्तोंना माझा नमस्कार सांगू नकोस, पण मनात माझा नमस्कार आहे.

तुझे दात चांगले आहेत ना? असू देत. तू विचेंत्साला जाऊ नकोस.

एजिस्तो


सान ज्वेनाले, १२ मार्च १९६०

एजिस्तो,

मी गेले होते. लग्नाच्या बदामाच्या गोळ्या बघायला गेले आणि पायांनी तिकडे नेलं. तेही उपवासकाळात.

पाठमोरा म्हणालास. जरासा म्हणालास. लंडन तू. व्हिएन्ना तू. हॅम्बर्गची ती पैलवान बाई तू, आणि तुझ्यामागे आमचा अख्खा गायनवृंद पडदा होऊन लटकत होता. हवानाचा बँडवाला तू. स्टॉकहोमचा जादूगार तू. सहा शहरांपर्यंत मी मोजलं. सातव्याबद्दल नंतर कधीतरी लिहीन, आत्ता रागात आहे.

पण बैरूत! राजकुमारी झोराइदे! मी म्हटलं, ही तरी बाई आहे. कमरेत घुंगरू, तोंडावर पडदा, डोळे असे की बाजूचा माणूस जागेवरून पुढे सरकला. नाचता नाचता ती थांबली. डावा पाय वर. उजवा तळवा कानावर. आणि शिंक. आवाज कापला आहे, पण आपल्या घरातली शिंक काय मला आवाजावरून ओळखावी लागते? मग तिने दोन्ही बाजूंना मान लववली, आणि तो निवेदक, बँकेच्या मॅनेजरने कोणी वारल्याचं सांगावं तशा आवाजात म्हणतो, "लेबनॉनच्या पर्वतराजीत पाहुण्याचं स्वागत आजही असंच होतं."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्या मला ओळखीच्या वाटल्या. दिवे लागले तेव्हा कळलं का. औषधवाला. पोस्टमास्तर. दोघी शिक्षिका, काळे चष्मे लावून. घंटा वाजवणारा मेनेगो. आपले व्याही आन्सेल्मो अगदी पहिल्या रांगेत, टोपी छातीशी धरून. आणि माझ्या पुढच्या रांगेत एक टोपी होती, वर पेंढा भरलेला पक्षी. तसा पक्षी सान ज्वेनालेत एकच आहे. सिन्योरा क्लोतिल्दे!

कोणी कोणाला पाहिलं नाही. परतीच्या बसमध्ये सगळे खिडकीबाहेर बघत होते. बाहेर काळोख होता. आळीमिळी गुपचिळी. पाहिलं असं जो म्हणेल त्याने आधी कबूल करायला हवं की तिथे गेलो होतो.

पण चोराच्या मनात चांदणं. काल विहीणबाई चर्चबाहेर म्हणाल्या, "तुमच्या बंधूंची तब्येत कशी आहे? सर्दीबिर्दी?" त्यांना सगळं कळलं आहे. ओर्नेल्लाची शिंक त्यांनी पाहिली आहे, सूप त्यांच्याच घरात सांडलं होतं. चित्रपटाचं नाव न काढता लग्न कसं मोडायचं, एवढंच त्या शोधताहेत.

तू येऊ नकोस. तुला ताप आहे, असं मी आजपासून सांगायला लागले आहे. ओर्नेल्लाला मेनेगोच्या हातावर पाठवीन. ती माझ्याशी बोलत नाही. न बोलू दे, लग्न तर होईल.

झेलिंदा


सान ज्वेनाले, २० मार्च १९६०

सिन्योर एजिस्तो ब्रेस्सान यांस,

आपली ओळख नाही. एका नाजूक बाबतीत लिहावं लागत आहे, याबद्दल क्षमस्व.

माझ्या परिचयाच्या एक बाई आहेत. सुशील, विवाहित, चर्चच्या कामात पुढे. त्या विचेंत्सात मेणबत्त्या घ्यायला गेल्या असता गर्दीने लोटल्या जाऊन एका चित्रपटगृहात पोचल्या. चित्रपट त्यांनी पूर्ण पाहिला. मध्येच उठणं शिष्टाचाराला धरून नसतं.

गर्दीने त्यांना लोटलं, कारण त्या आपल्या यजमानांच्या मागोमाग चालल्या होत्या. यजमान दर गुरुवारी चीज उत्पादकांच्या सभेला जातात. ही सभा जूनमध्ये असते. घरी आल्यावर ते जेवत नाहीत. खिडकीशी बसतात. गेल्या आठवड्यात त्यांनी एका नव्या चीजला 'झोराइदे' असं नाव दिलं. चीज मऊ आहे.

चित्रपटातल्या त्या नर्तकीला शिंक येते. ती शिंक या बाईंनी पूर्वी एकदा पाहिली होती, सुपासकट. त्यावरून ओळखायचं ते त्यांनी ओळखलं. त्या संतापल्या नाहीत. त्यांच्या जिवाला आराम पडला. नर्तकी खरी निघाली असती तर बैरूतला पत्र लिहावं लागलं असतं, आणि त्यांना तिकडची भाषा येत नाही.

यजमानांना त्या काही सांगू शकत नाहीत. सांगितलं तर त्यांना कसं कळलं, हा प्रश्न येतो. म्हणून विनंती. आपण लग्नाला यावं. जेवण झाल्यावर कॉफीच्या वेळी माझ्या यजमानांच्या, म्हणजे त्या बाईंच्या यजमानांच्या समोर बसून एकदा शिंकावं. बोलण्याची गरज नाही. सोबत तपकिरीची डबी पाठवत आहे. माझ्या आजोबांची आहे. चांगली आहे.

आपल्या भगिनींना हे कळू नये. त्या तापाचं काहीतरी सांगत फिरताहेत. आपण आला नाहीत, तर या लग्नाचा फेरविचार करणं मला भाग पडेल.

क्लोतिल्दे

ता. क. जांभळी फ्लॅनेल उत्तम आहे. कुठली?


रोम, २५ मार्च १९६०

आदरणीय सिन्योरा क्लोतिल्दे,

माझ्याही परिचयाचे एक गृहस्थ आहेत. कपड्यांच्या धंद्यात. त्यांना आपल्या परिचित बाईंची अडचण समजली. ते येतील. कॉफीच्या वेळी.

तपकीर पोचली. फ्लॅनेल हॅम्बर्गची.

एजिस्तो ब्रेस्सान


रोम, २६ मार्च १९६०

प्रिय ताई,

मी येतो आहे. का, ते सांगू शकत नाही. तू रागावू नकोस. ओर्नेल्लाला सांग, मेनेगोचा हात मेनेगोलाच राहू दे.

एजिस्तो


तार. सान ज्वेनाले, २८ मार्च
तुला ताप आहे येऊ नकोस झेलिंदा


तार. रोम, २९ मार्च
ताप उतरला एजिस्तो


सान ज्वेनाले, ६ मे १९६०

सिन्योर ब्रेस्सान,

आपण कॉफीच्या वेळी म्हणाला होतात.

मी आपल्याला दोष देण्यापूर्वी वस्तुस्थिती मांडते. आपण वधूला घेऊन आलात. चाल उत्तम होती. कोट उत्तम होता. माझी जाऊ म्हणालीसुद्धा, कपड्यांच्या धंद्यातला माणूस लगेच ओळखू येतो. आपण ओर्नेल्लाचा हात माझ्या मुलाच्या हातात दिला. डॉन काल्लिस्तोंनी तोंड उघडलं. आणि आपला डावा पाय वर गेला.

चर्चमध्ये शिंकणं हा गुन्हा नाही. शिंकून आपण गप्प राहिला असता तर सगळेही गप्प राहिले असते. इतक्या वर्षांची सवय आहे. पण आपण दोन्ही बाजूंना मान लववलीत. आणि त्या शांततेत मागून औषधवाल्याचा आवाज आला, हुबेहूब त्या निवेदकासारखा: "लेबनॉनच्या पर्वतराजीत..."

त्याने पुढचं वाक्य गिळलं. उपयोग झाला नाही. ते डाव्या बाजूच्या बाकांनी पूर्ण केलं.

अशा प्रकारचं हसणं मी त्या इमारतीत ऐकलेलं नाही. पोस्टमास्तर खाली बसले. दोघी शिक्षिका एकमेकींच्या गळ्यात पडल्या. वर गॅलरीत गायनवृंदाच्या मुलींना काही कळेना, तरी त्याही हसल्या, त्या जांभळ्या झग्यांत, ज्यांच्याबद्दल आता मला सगळं कळलं आहे. वधू हसत होती. माझा मुलगा हसत होता. तो कधी गेला होता, हे मी अजून विचारलेलं नाही. काही लोक म्हणतात की महिला मंडळाच्या अध्यक्षही हसल्या. मला खोकला झाला होता.

एकटे डॉन काल्लिस्तो हसले नाहीत. ते म्हणाले, "काय झालं? माणूस शिंकला." ते पुन्हा म्हणाले, "शिंकलाच ना?" मग थांबले. त्यांची नजर पहिल्या बाकापासून निघाली आणि एकेक बाक करत शेवटपर्यंत गेली. मेनेगोपाशी ती बराच वेळ राहिली. मग त्यांनी पुस्तक उघडलं आणि लग्न लावलं. ओर्नेल्लाने 'हो' म्हटलं ते हसता हसताच म्हटलं. ते धरलं जातं, मी विचारून घेतलं आहे.

राहिले माझे यजमान. ते उभे होते ते बसले. आपल्याकडे पाहत राहिले. जेवताना शतावरीच्या कोंबांना हात लावला नाही, आणि या वर्षीची शतावरी अशी आहे की शतावरीसाठी प्रसिद्ध असलेल्या बास्सानोहूनही लोक मागायला येतात. रात्री म्हणाले, "क्लोतिल्दे, मी गाढव आहे." मी म्हटलं, "का बरं?" म्हणाले, "सहज." गुरुवारी ते घरी होते. चीजचं नाव आता 'सान ज्वेनाले' आहे.

म्हणजे ज्या कामासाठी आपल्याला बोलावलं ते झालं. त्याबद्दल माझ्या परिचित बाई आपल्या आभारी आहेत. बाकीच्याबद्दल त्या काही बोलू इच्छित नाहीत.

यजमानांनी आपला पत्ता मागितला होता. मी चुकीचा दिला.

क्लोतिल्दे


रोम, ९ मे १९६०

आदरणीय सिन्योरा क्लोतिल्दे,

माझ्या परिचयाचे गृहस्थ आपली माफी मागतात. त्यांचं म्हणणं असं की तालमीशिवाय ते आयुष्यात कधी रंगमंचावर गेलेले नाहीत. कॉफीच्या वेळी किती तपकीर लागेल, हे पाहण्यासाठी चर्चच्या मागच्या खोलीत त्यांनी एक चिमूट ओढली. काही झालं नाही. म्हणून दुसरी. आपल्या आजोबांची तपकीर सावकाश चढते.

मान लववल्याबद्दल त्यांना खेद आहे. पण ती शिंकेचाच भाग आहे, वेगळी काढता येत नाही.

ते असंही म्हणतात की इतकं भरलेलं सभागृह त्यांना युद्धापूर्वीपासून मिळालेलं नव्हतं. हे लिहू नको असं मी त्यांना सांगितलं. ते ऐकत नाहीत.

एजिस्तो ब्रेस्सान


सान ज्वेनाले, १५ मे १९६०

प्रिय एजिस्तो,

मुलांचं पत्र आलं. गार्दा सरोवरावर आहेत. ग्वाल्तिएरो तिथल्या चीजबद्दल लिहितो. ओर्नेल्ला लिहिते, मामाला सांग, अशी हसत लग्न झालेली मुलगी सरोवरावर दुसरी भेटली नाही.

माझा राग गेला. माशी शिंकेल म्हणून मी सहा महिने जीव मुठीत धरून होते. शिंकलास तू, आणि सगळं सुरळीत झालं. विहीणबाईंनी काल मला हाक मारून वर बोलावलं, कॉफी दिली, आणि कॉफी ओतता ओतता आपल्या आपणच हसल्या. मी विचारलं नाही. तुमच्या दोघांत काहीतरी आहे, एवढं कळलं. नको सांगूस.

गावाचं सांगते. ईस्टरला सगळ्यांनी पापाची कबुली दिली होती आणि चित्रपटाचा चकार शब्द कोणी काढला नव्हता. डॉन काल्लिस्तो बिचारे वेदीवरून म्हणाले होते, मला माझ्या गावाचा अभिमान वाटतो. लग्नानंतरच्या रविवारी त्यांनी प्रवचन दिलंच नाही. फळा आत आणला, त्यावर लिहिलेलं वाचून दाखवलं, 'कोणासाठीही नाही', आणि खाली बसले.

त्या शनिवारी कबुलीची रांग चर्चबाहेर पडून कारंज्याला वळसा घालून पार खाटकाच्या दुकानापर्यंत गेली. पुढच्या शनिवारीही तेच. लोकांनी बरोबर स्टुलं आणली. औषधवाल्याने पेपरमिंट विकलं. आत जायचं आणि काय काय पाहिलं ते सांगायचं. औषधवाला आत गेला तो बराच वेळ बाहेर येईना. मेनेगो म्हणतो, तो निवेदकाच्या आवाजात सांगत होता.

आज माझा नंबर लागला. मी गुडघे टेकले. जाळीच्या पलीकडून डॉन काल्लिस्तोंचा आवाज आला, थकलेला.

"बोल, झेलिंदा. लंडनपासून सुरू करू नकोस. लंडन मला पाठ झालं."

मी म्हटलं, "तो माझा भाऊ होता, फादर."

"कळलं मला. सगळ्यांनी सांगितलं. हे बघ, मला एकच विचारायचंय. म्हणजे नीट हिशेब लागावा म्हणून. सगळे मिळून तो किती वेळा आहे?"

"सात."

"सहा," ते म्हणाले. "इतके दिवस ऐकतोय मी. लंडन, व्हिएन्ना, हॅम्बर्ग, हवाना, स्टॉकहोम, ती शिंकणारी. सहा."

"सात, फादर. शेवटी पॅरिस आहे."

"पॅरिसात काय आहे? पॅरिसचं कोणी काही बोललं नाही."

तेव्हा मी त्यांना सांगितलं. पहाट झालेली असते. रस्ता धुतलेला असतो. सगळे घरी गेलेले असतात, आणि एक म्हातारी व्हायोलेटच्या फुलांच्या जुड्या घेऊन भिंतीकडेने जाते. काळी शाल असते. तिला कोणी थांबवत नाही. कोपऱ्यावर ती शाल डोक्यावरून पुढे ओढते, एका हाताने, अंगठा आत घेऊन, आणि वळून जाते. बस. निवेदकसुद्धा तिथे गप्प असतो.

लोक तोवर कोट चढवत होते. मी उठले नाही. एजिस्तो, तशी शाल आई ओढायची, दळण घेऊन घरी येताना. मला वाटलं तिला हाक मारावी. ह्याबद्दल मी त्या रागाच्या पत्रात लिहिलं नव्हतं. वारा न देता वास राहू दिलास ते बरं केलंस.

मग डॉन काल्लिस्तो म्हणाले, "हे कोणी का नाही सांगितलं मला?"

मी म्हटलं, "ह्यात पाप काय सांगणार, फादर?"

मला त्यांनी प्रायश्चित्त दिलं, सगळ्यांना दिलं तेवढंच. मी उठत होते तेव्हा म्हणाले, "चित्रपट अजून चालू आहे का विचेंत्साला?"

"पुन्हा लावलाय. मागणी आहे म्हणे."

ते हं म्हणाले. बाहेर रांग होती, मी निघाले.

आत्ता संध्याकाळी मेनेगो येऊन सांगून गेला. गुरुवारी सकाळची प्रार्थना लवकर आटोपणार आहे. डॉन काल्लिस्तोंना विचेंत्साची बस गाठायची आहे. त्यांचा दात दुखतो आहे.

तुझी ताई,
झेलिंदा